सस्टेनेबल फॅशन की टेक्स्टाईल इंजिनीअरिंग? इचलकरंजीच्या मुलीला उत्तर

तुझं पत्र मिळालं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, ही मुलगी इचलकरंजीची, बारावी सायन्सला, वडील खर्चीवाले म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणारे, हिला सस्टेनेबल फॅशन डिझाईनला, म्हणजे पर्यावरणाला कमी त्रास देणारे आणि पुन्हा वापरता येणारे कपडे डिझाईन करायला जायचंय, घरचे म्हणतात गावातच डीकेटीई हे इंजिनीअरिंग कॉलेज आहे तर टेक्स्टाईल इंजिनीअरिंग कर, आणि मामा म्हणतात जुन्या कपड्यांचं करिअर म्हणजे बोहारणीचं काम, त्याला शिक्षण कशाला. स्कोप आहे का आणि सुरुवात कुठून करू, असं तिने विचारलंय.

आधी मामांचं बोलूया. बोहारीण भांडं देऊन जुने कपडे नेते, निवडते, धुते, उसवलेलं शिवते आणि जुन्या बाजारात विकते. सर्क्युलर इकॉनॉमी, म्हणजे वस्तू फेकून न देता पुन्हा पुन्हा वापरात आणणं, म्हणतात ती हीच, या बायका ती पिढ्यानपिढ्या चालवतायत आणि सगळ्यात कमी पैसा त्यांनाच मिळतो. त्यामुळे ते काम हलकं आहे हे मला अजिबात मान्य नाही. उलट उद्या मोठ्या कंपन्या जुने कपडे गोळा करायला उतरल्या तर या बायकांचं काय, हा प्रश्न तुझ्या अभ्यासातलाच आहे असं समज.

आता एक काम कर. घरातली जुनी स्ट्रेचवाली जीन्स घे, आईला विचारून, आणि बसून उसव. चेन, रिवेट, बटण, मागचा लेबलचा तुकडा वेगळा काढ, मग शिलाईचा दोरा आणि कापडातले उभे-आडवे धागे सुटे कर. एकेक धागा चिमट्यात धरून पाण्याच्या ताटलीवर जाळून बघ, घरातलं मोठं माणूस जवळ असू दे. सुती धागा कागदासारखा वास मारत जळतो आणि मऊ राख होते, शिलाईचा दोरा बहुतेक पॉलिएस्टरचा निघेल, तो आक्रसून वितळतो आणि टोकाला कडक मणी बनतो. आडव्या धाग्यात ताणलं की लांबणारं बारीक लायक्रा सापडेल. एका पँटमध्ये एवढं सगळं एकत्र, आणि रिसायकल करायचं तर हे कुणीतरी हाताने सोडवायचं. पानिपतला हेच चालतं, देशोदेशीचे जुने लोकरी कपडे येतात, कामगार बटणं, चेन, लेबलं कापून काढतात, रंगाप्रमाणे ढीग लावतात म्हणजे परत रंगवायला नको, मग मशीनमध्ये फाडून त्याचं सूत आणि त्याच्या ब्लँकेट. फाडताना तंतू आखूड होतात म्हणून त्यात दुसरे तंतू मिसळावे लागतात, आणि तिथली धूळ कामगारांच्या छातीत जाते. जीन्स डिझाईन करणाऱ्याने स्टुडिओत बसून घेतलेला निर्णय असा दुसऱ्याच्या फुप्फुसापर्यंत पोचतो.

म्हणून माझं स्पष्ट मत, तू टेक्स्टाईल इंजिनीअरिंग कर. नोकरी सेफ म्हणून नाही, तर कपडा परत वापरात येणार की नाही हे धाग्यात, ब्लेंडमध्ये म्हणजे तंतूंच्या मिश्रणात आणि रंगात ठरतं आणि ते कळल्याशिवाय सस्टेनेबल हा शब्द नुसता टॅगवर राहतो. त्यातही केमिकल प्रोसेसिंगकडे नीट लक्ष दे, म्हणजे रंगाई, ब्लीचिंग, सांडपाणी. तुमच्या गावाला हे वेगळं सांगायला नको, पंचगंगेत कोल्हापूर-इचलकरंजीचं सांडपाणी, साखर कारखान्यांचं पाणी आणि कापड प्रोसेसचं पाणी जातं आणि खाली शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच पडतो. कापडाचा नफा एकीकडे आणि घाण पाणी भलत्याच गावाला, पर्यावरणीय न्याय म्हणतात तो प्रश्न तुझ्या घरापासून इतक्या जवळ आहे. रिसायकल केलेल्या सुताचं कापड रंगवून पाणी तसंच नदीत सोडलं तर मी त्याला सस्टेनेबल म्हणणार नाही.

स्कोपचं म्हणशील तर आहे, आणि तो कायद्यामुळे वाढतोय. युरोपियन युनियनमध्ये 1 जानेवारी 2025 पासून जुने कपडे वेगळे गोळा करणं बंधनकारक झालंय, 2024 च्या इकोडिझाईन नियमांत कापड अग्रक्रमात आहे आणि वस्तूचा डिजिटल पासपोर्ट येतोय, म्हणजे माल कशाचा, कुठे बनला याची माहिती द्यावी लागणार. आपल्याकडून तिकडे माल पाठवणाऱ्यांना सूत कुठून आलं, रिसायकल्ड आहे याचा पुरावा काय, सांडपाण्याचे रिपोर्ट कुठे, हे बघणारी माणसं लागतात. सुरुवातीचं काम बरंचसं कागदपत्रांचं आणि फॅक्टरीत फिरण्याचं असतं, ग्लॅमर नाही, पण शिकायला तीच जागा.

डिझाईन सोडू नकोस. बारावीला यूसीड ही आयआयटीसारख्या ठिकाणच्या डिझाईन पदवीची प्रवेश परीक्षा दे, कुठल्याही स्ट्रीमला चालते, साधारण जानेवारीत असते आणि फॉर्म आधीच्या ऑक्टोबरात सुटतात. एनआयडी आणि निफ्ट या डिझाईन-फॅशनच्या राष्ट्रीय संस्थांच्या परीक्षा वेगळ्या. आयआयटी मुंबईचं आयडीसी, म्हणजे तिथला डिझाईन विभाग, किंवा एनआयडी मिळालं तर पुन्हा बोलू, तेव्हा माझं मत बदलू शकतं. नाही मिळालं तर बीटेकनंतर सीड ही प्रवेश परीक्षा देऊन एमडेस, म्हणजे डिझाईनची मास्टर्स, करता येतं, आणि माग, रंग कळणारी मुलगी तिथे उजवी ठरते. इंजिनीअरिंगला डीकेटीईबरोबर मुंबईची व्हीजेटीआय आणि आयसीटी ही कॉलेजं पण प्रेफरन्समध्ये टाक, आयसीटीत फायबर आणि टेक्स्टाईल प्रोसेसिंगचाच कोर्स आहे. कायद्याची आवड असेल तर पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम खंडपीठ पुण्यातच आहे, पण तुझ्या पत्रात मला ती दिसली नाही.

फीची काळजी बाबांनी लिहिलीय. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना राज्यात कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक कोर्सला प्रवेश मिळाला तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुम्ही यात बसता का ते बघा, मॅनेजमेंट कोट्याला ते लागू नाही, आणि उत्पन्नाचा दाखला, जातीचे किंवा ईडब्ल्यूएसचे कागद आत्ताच काढायला टाका, ॲडमिशनच्या दिवसांत तहसीलला रांगा लागतात.