बिघाड फोनचा, सिमचा की कंपनीचा?

या वेळच्या पत्रांत एक वाक्य सारखं येतंय : "दुकानदार म्हणतो, फोन रिसेट मारावा लागेल." कॉल, नंबर आणि मेसेजच्या तक्रारींत रिसेटची वेळ फार क्वचित येते, आणि एकदा मारला की फोटोंसकट सगळं पुसलं जातं. त्याआधी एक साधी तपासणी करा. तुमचं सिम घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घाला आणि दुसरं चालू सिम तुमच्या फोनमध्ये. अडचण सिमबरोबर गेली तर ती सिमची किंवा कंपनीची. फोनमध्येच राहिली तर फोनची. (सिम काढल्यावर बँकेचं ॲप पुन्हा नोंदणी मागू शकतं, त्यामुळे हे काम पैसे पाठवायच्या गडबडीत करू नका.)

खालची सेटिंग्ज अँड्रॉइडची आहेत. प्रत्येक फोनमध्ये नावं थोडी बदलतात. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत नाव टाका.

प्रश्न : शाहू मार्केट यार्डात गुळाचं अडत दुकान आहे. एकाच फोनमध्ये दोन सिम आहेत, एक शेतकऱ्यांसाठी, दुसरं परगावच्या व्यापाऱ्यांसाठी. सौद्याच्या वेळी एका नंबरवर बोलत असलो की दुसऱ्यावर फोन करणाऱ्याला 'संपर्क क्षेत्राबाहेर' ऐकू येतं. फोन हातात, रेंज फुल्ल. दोन्ही कंपन्या म्हणतात, आमच्याकडं बिघाड नाही.

उत्तर : दोन्ही कंपन्या खरं सांगतायत, आणि तुमचा फोनही धडधाकट आहे. बहुतेक दोन सिमच्या फोनमध्ये बोलण्यासाठी रेडिओ एकच असतो. फोन नुसता पडून असतो तेव्हा तो रेडिओ आळीपाळीने दोन्ही सिमचे टॉवर ऐकतो, म्हणून दोन्हीकडे रेंजच्या काड्या दिसतात. पहिल्या सिमवर बोलणं सुरू झालं की तो पूर्ण तिकडं गुंततो. दुसऱ्या कंपनीचा टॉवर हाका मारत राहतो, फोनकडून ओ येत नाही, आणि टॉवर समजतो की हा माणूस रेंजबाहेर गेला. फोनच बंद असल्याचं सांगणारी टेप लागते तीही याच कारणानं.

यावर उपाय म्हणजे दोन्ही नंबर एकमेकांना जोडायचे. फोन ॲप उघडा, तीन टिंबं, सेटिंग्ज, कॉलिंग अकाउंट्स. तिथं पहिलं सिम निवडून कॉल फॉरवर्डिंगमध्ये जा. चार पर्याय दिसतील. त्यातला 'व्हेन अनरीचेबल' निवडून तिथं दुसऱ्या सिमचा नंबर टाका. मग दुसरं सिम निवडा आणि त्याच जागी पहिल्याचा नंबर टाका. 'ऑलवेज' या पर्यायाला हात लावू नका, नाहीतर त्या सिमवर एकही फोन वाजणार नाही. शेवटी दोन्ही सिमचं कॉल वेटिंग सुरू करा. हे राहिलं तर वरची सगळी मेहनत वाया जाते, कारण वळवलेला कॉल चालू कॉलच्या मागं टूं-टूं करत यायला हवा. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये सिम मॅनेजरमध्ये 'ड्युअल सिम ऑलवेज ऑन' नावाचं बटन असतं, तेही हेच काम करतं.

वळवलेला कॉल तुमच्या सिमवरून केलेला कॉल म्हणून धरला जातो. अमर्याद बोलण्याचा पॅक असेल तर सहसा वेगळे पैसे लागत नाहीत, पण एकदा विचारून घ्या. फॉरवर्डिंग लावताना 'नेटवर्क एरर' आला तर ग्राहक सेवेकडून लावून घ्या. दुकानात वायफाय असेल तर दोन्ही सिमना वायफाय कॉलिंग सुरू करून बघा. दुसरं सिम वायफायवरून जोडलेलं राहिलं तर बऱ्याच फोनमध्ये ही अडचण मुळातच येत नाही.

प्रश्न : राजारामपुरीत नवीन फोन घेतला. जुन्यातले जवळपास निम्मेच नंबर आले, आणि आलेल्यांतली नावं अर्धवट तुटलेली. 'पांडुरंग काका दूध' आणि 'पांडुरंग प्लंबर' दोघेही नुसते 'पांडुरंग' झालेत.

उत्तर : तुमचे नंबर दोन ठिकाणी विभागलेले होते, काही सिमवर आणि काही जुन्या फोनच्या पोटात. दुकानात सिम बदललं तेव्हा फक्त सिमवरचे आले.

नावं तुटण्याचं कारण गमतीचं आहे. सिमवर नावाला मोजकीच जागा असते. इंग्रजी अक्षर एक खण घेतं, देवनागरी दोन. त्यातही काना, मात्रा, अनुस्वार यांचा प्रत्येकी वेगळा हिशेब. 18 खणांची जागा असलेल्या सिमवर एक खण खुणेला जातो आणि देवनागरीच्या 8 चिन्हांपुरती जागा उरते. 'पांडुरंग' मोजून बघा : प, काना, अनुस्वार, ड, उकार, र, अनुस्वार, ग. आठ भरले, काकांना आणि प्लंबरला जागाच राहिली नाही.

जुना फोन अजून विकला नसेल तर विकू नका. त्यात कॉन्टॅक्ट्स ॲप उघडून एक्सपोर्ट करा, '.व्हीसीएफ' प्रकारची एक फाईल तयार होते. ती ब्लूटूथनं किंवा स्वतःलाच मेल करून नव्या फोनवर घ्या आणि तिथं 'इम्पोर्ट' करा. कुठं साठवायचं असं विचारेल तेव्हा 'फोन' किंवा 'सिम' नको, तुमचं गूगल खातं निवडा. मग 'मर्ज अँड फिक्स' चालवून दुहेरी नोंदी एकत्र करा. मात्र 'सगळे एकत्र करा' हे बटन डोळे झाकून दाबू नका. नवरा-बायकोच्या दोन नोंदींत घरचा एकच नंबर असेल तर त्या दोघांचीही एक नोंद होऊन बसते.

पुढची गोष्ट सर्वात महत्त्वाची : कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंगमध्ये नवीन नंबर साठवण्याची ठरलेली जागा गूगल खातं करून ठेवा. ही एक जागा बदलली नाही तर पुढच्या फोनच्या वेळी हेच पत्र पुन्हा लिहावं लागेल. गूगल खात्यातून चुकून पुसलेला नंबर 30 दिवस तिथल्या कचरापेटीत राहतो आणि परत आणता येतो. सिमवरून पुसलेल्याला ही सोय नाही.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर एकाएकी नावांच्या जागी नुसते नंबर दिसायला लागले. कॉन्टॅक्ट्समध्ये नावं आहेत.

उत्तर : व्हॉट्सॲपची नावं बघायची परवानगी गेली आहे. सेटिंग्ज, ॲप्स, व्हॉट्सॲप, परमिशन्स, कॉन्टॅक्ट्स, अलाउ. एखाददुसराच नंबर असा दिसत असेल तर तो +91 लावून पुन्हा जतन करा.

प्रश्न : करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचं सचिवपद माझ्याकडं आहे. 60 सभासदांना मराठीत सभेची सूचना एसएमएसनं पाठवतो. पॅकमध्ये रोज 100 एसएमएस आहेत, तरी तेहेतीस जणांनंतर 'नॉट सेंट' येतं. इंग्रजीत पाठवलं की सगळे जातात.

उत्तर : तुमचे शंभर पूर्ण होतायत, फक्त ते मोजले वेगळे जातायत. एका एसएमएसमध्ये इंग्रजीची 160 अक्षरं मावतात, देवनागरीची 70 चिन्हं. मेसेज त्याहून लांब झाला की त्याचे तुकडे पडतात आणि जोडणीची खूण ठेवावी लागत असल्यानं प्रत्येक तुकड्यात 67 च मावतात. प्रत्येक तुकडा एक एसएमएस. तुमची सूचना 150 च्या आसपास असणार, म्हणजे तीन तुकडे. तेहेतीस जणांचे 99 झाले, चौतिसाव्यापाशी पॅक संपला.

चिन्हं मोजताना फसगत होते. 'कोल्हापूर' डोळ्यांना चार-पाच अक्षरांचं दिसतं, फोन ते 9 धरतो, कारण ओकार, पाय मोडणारी खूण, काना, ऊकार सगळे वेगळे. मेसेज लिहिताना पाठवायच्या बाणाजवळ '20/2' असा आकडा दिसला तर दुसरा तुकडा सुरू आहे आणि त्यात 20 चिन्हं शिल्लक आहेत असं समजा. इंग्रजी मेसेजमध्ये एक जरी मराठी अक्षर किंवा इमोजी घातला तरी सबंध मेसेज 70 च्या हिशेबात जातो.

म्हणून सूचना अशी करा : "वार्षिक सभा रविवारी सकाळी 10 वाजता संस्थेच्या आवारात." मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून ही 53 भरते. साठ जणांचे साठच एसएमएस. विषयपत्रिका संस्थेच्या फलकावर लावा.

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट हाही मार्ग आहे, एका यादीत 256 जण बसतात. पण ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो, आणि ज्येष्ठ सभासदांच्या बाबतीत इथंच घोटाळा होतो. गूगल मेसेजेसमध्ये 'आरसीएस चॅट्स' (एसएमएसऐवजी इंटरनेटवरून मेसेज पाठवण्याची सोय) सुरू असेल तर समोरच्याचा डेटा बंद असताना मेसेज अडकून राहतो. त्यासाठी त्याच सेटिंगमधलं आपोआप साध्या एसएमएसनं पुन्हा पाठवण्याचं बटन सुरू ठेवा.

प्रश्न : सिम खराब झालं म्हणून त्याच नंबरचं नवीन घेतलं. कॉल लागतात, पण ओटीपी येत नाही आणि यूपीआयची नोंदणीही होत नाही.

उत्तर : सिम बदलल्यावर 24 तास एसएमएस येणं-जाणं बंद ठेवलं जातं. चोरानं तुमच्या नावावर दुसरं सिम काढलं तर लगेच बँक खात्याला हात घालता येऊ नये, म्हणून ही मुदत. थांबा. त्यानंतरही यूपीआय अडलं तर लक्षात घ्या की नोंदणीवेळी तुमच्याच फोनमधून एक एसएमएस जातो. तो बँकेत नोंदवलेल्या नंबरच्या सिमवरूनच जायला हवा, आणि त्या सिमवर एसएमएसचा पॅक किंवा शिल्लक हवी. नुसता ओटीपी येत नसेल तर मेसेज ॲपमधला 'स्पॅम अँड ब्लॉक्ड' कप्पा उघडून बघा.

प्रश्न : कुरिअरवाल्याचा फोन आला. पत्ता सापडत नाही, मी सांगतो तो कोड डायल करा म्हणाला. वडिलांनी *21* आणि पुढं एक नंबर असा काहीतरी लावला. तेव्हापासून त्यांच्या फोनवर कुणाचाच कॉल येत नाही.

उत्तर : पत्र बाजूला ठेवून आधी हे करा. त्या कोडनं वडिलांचे सगळे कॉल भामट्याच्या नंबरकडं वळलेत. ##002# डायल करा, सर्व फॉरवर्डिंग रद्द होतं. मग *#21# लावून 'नॉट फॉरवर्डेड' येतंय ना ते बघा. काही कंपन्यांत हे कोड वेगळे असतात, म्हणून वर सांगितलेल्या कॉल फॉरवर्डिंगच्या मेनूतही 'ऑलवेज' बंद असल्याची खात्री करा. (फोन रेंजबाहेर असताना कॉल कुठं वळतो ते दाखवणारा *#62# लावल्यावर एखादा अनोळखी नंबर दिसला तर तो कंपनीच्या मिस्ड कॉल किंवा व्हॉइसमेल सेवेचा असू शकतो, त्यानं घाबरू नका.)

कॉल वळवला तरी एसएमएस वळत नाहीत. भामट्याला हवा असतो तो फोनवर बोलून सांगितला जाणारा ओटीपी, व्हॉट्सॲपचा कोड तसा मिळवता येतो. व्हॉट्सॲप वडिलांच्या हातातून गेलं असेल तर ॲप पुन्हा टाकून एसएमएसनं कोड मागवा, भामटा आपोआप बाहेर पडेल. त्यानं स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर 7 दिवस थांबावं लागतं. खातं परत आल्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा 6 अंकी पिन लगेच लावा. पैसे गेले असतील तर याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, इथं प्रत्येक मिनिट मोलाचं आहे. दूरसंचार विभागानं 15 एप्रिल 2024 पासून कोड लावून कॉल वळवण्याची सोय थांबवायला सांगितली ती याच फसवणुकीमुळं. तरीही कुणी सांगितलेला * किंवा # चा कोड घरात कुणीही लावू नये.

प्रश्न : फोन कानाला लावला की स्क्रीन काळी, बोलणं संपलं तरी उजळत नाही. कधीकधी बोलता बोलता कॉल कट होतो.

उत्तर : वरच्या कडेचा सेन्सर झाकला गेलाय, बहुधा स्क्रीनवर चिकटवलेल्या नव्या संरक्षक काचेमुळं किंवा तिच्याखालच्या धुळीमुळं. काच काढून बघा. कॉल कट होत असेल तर ॲक्सेसिबिलिटीमधलं 'पॉवर बटन एंड्स कॉल' बंद करा.

प्रश्न : प्रयाग चिखलीत राहतो. पंचगंगेला पूर आला की नेमके फोन बंद पडतात. जूनमध्येच काय करून ठेवावं?

उत्तर : राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. पाणी 39 ला टेकायची वाट न बघता हे करून ठेवा.

सेटिंग्जमध्ये 'वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स' शोधून सुरू करा. हा इशारा टॉवरवरून एकदम सगळ्या फोनवर जातो, त्याला डेटा किंवा शिल्लक लागत नाही. नेटवर्कची निवड 'ऑटोमॅटिक' आणि रोमिंग सुरू ठेवा. आपत्तीत सरकार एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीचा टॉवर वापरू देतं, तेव्हा फोन स्वतःच तिकडं जातो. 'इमर्जन्सी कॉल्स ओन्ली' दिसत असलं तरी 112 लागतो. तेवढ्या कॉलसाठी कुठल्याही कंपनीचा टॉवर चालतो. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर 1077.

गर्दीत कॉल लागत नसेल तर पुन्हापुन्हा लावू नका, छोटा एसएमएस पाठवा. तो वाटेत साठून राहतो आणि जागा मिळाली की पोचतो. अंधुक रेंजमध्ये फोन टॉवर गाठायला जास्तीत जास्त ताकद लावतो आणि बॅटरी भराभर उतरते. घरच्यांनी वेळ ठरवून घ्यावी, तासाला पाच मिनिटं फोन चालू, बाकी वेळ एरोप्लेन मोड. घरात सगळ्यांनी एकाच कंपनीचं सिम ठेवू नये.

लॉक स्क्रीनवर दिसणारी 'इमर्जन्सी इन्फर्मेशन' भरा : रक्तगट, औषधं, दोन नातेवाइकांचे नंबर. आणि पाच महत्त्वाचे नंबर कागदावर बॉलपेननं लिहून रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा. त्यातला एक तरी पुराच्या पट्ट्याबाहेरच्या माणसाचा असू द्या.