शेतात सापडलेला भोक असलेला गोळा, अकरा नाणी आणि चुलत्यांचा अर्धा हिस्सा

तुमचा मेसेज दोनदा वाचला, फोटोही झूम करून बघितले. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. साताऱ्याजवळ मेसेज पाठवणाऱ्यांच्या वडिलांचं आणि चुलत्यांचं सामाईक शेत, ऊस निघाल्यावर मेसेज पाठवणाऱ्यांनी मित्राचा मेटल डिटेक्टर आणून रान फिरून काढलं आणि बांधालगत दीड-दोन फुटांवर एक लोखंडी गोळा आणि त्याच्या आसपास अकरा तांब्याची नाणी निघाली. गोळ्याचा घेर ३८ सेंटीमीटर, वजन ४ किलो ३०० ग्रॅम, एका बाजूला अंगठा जाईल एवढं भोक, त्यात माती गच्च बसलेली. मित्राने रील टाकली, मग पुण्याहून एकजण चाळीस हजार देतो म्हणाला, चुलते अर्धा हिस्सा मागायला लागले, तलाठ्यांचा फोन आला, आणि या सगळ्याला आता एकोणीस दिवस झाले. प्रश्न असा की ही वस्तू नक्की काय आहे आणि विकली तर चालेल का.

मी वकील आहे, पुराणवस्तूंची जाणकार नाही, पण एक साधा हिशोब मलाही येतो. ३८ चा घेर म्हणजे व्यास साधारण १२ सेंटीमीटर, एवढा बिडाचा गोळा भरीव असता तर साडेसहा किलोच्या आसपास भरला असता. तुमचा सव्वाचार. गंजाने थोडंफार जातं पण दोन किलो जात नाही हो. म्हणजे तो बहुतेक पोकळ आहे, आणि पोकळ लोखंडी गोळ्याला एक भोक असेल तर जुन्या मराठीत त्याला कुलपी गोळा म्हणायचे, आत तोफेची दारू भरायची, भोकात वात बसवायची आणि गरनाळेतून, म्हणजे आखूड तोफेतून, डागायचा. मित्र म्हणतोय की ड्रिल मारून माती काढू म्हणजे आत काय ते दिसेल. अजिबात नाही. काळी दारू कोरडी राहिली तर शे-दोनशे वर्षांनीही पेटते, आणि वरून ओली वाटणारी माती आतलं सांगत नाही. अमेरिकेत व्हर्जिनियात २००८ साली असाच जुना तोफगोळा साफ करताना एक हौशी संग्राहक स्वतःच्या घरासमोर जागीच ठार झाला. आपल्या बाजूला बघायचं तर शिमोगा जिल्ह्यात नगर इथे २०१८ मध्ये एका जुन्या विहिरीतून टिपूच्या काळातले हजारभर अग्निबाण निघाले, त्यांच्यातही दारूचा अंश होताच.

तेव्हा तुमचा गोळा आत्ता न्हाणीघराच्या मागे पोत्यावर ठेवलाय म्हणताय तो तिथेच राहू दे, उचलू नका, धुवू नका, घासू नका, बंब तिथून जवळ असेल तर आज पेटवू नका, पोरांना त्या बाजूला जाऊ देऊ नका आणि ११२ ला फोन करून सरळ सांगा की शेतात जुन्या तोफगोळ्यासारखी वस्तू सापडली आहे. पोलिसांचं बॉम्ब शोधक व नाशक पथक येऊन बघेल. पोलिसांना बोलावलं तर आपल्यावरच केस होईल ही तुमची भीती मला कळते, पण उलट बघा, रील गावभर फिरलीय, तलाठ्यांना माहितीये, आता लपवायला काही उरलंच नाही, आणि स्वतःहून कळवणारा माणूस आणि घरात झडती होऊन ज्याच्याकडे सापडतं तो माणूस यांच्यात कोर्टात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पंचनामा होईल तेव्हा त्याची प्रत मागून घ्या आणि जबाबात रील, मित्र, पुण्याचा फोन सगळं खरं सांगा.

आता कायदा. इथे लागू होतो तो १८७८ चा निखात निधी कायदा, इंग्रजांच्या वेळचा. त्यात निधी म्हणजे सोन्याचा हंडाच पाहिजे असं नाही, जमिनीत दडलेली कुठलीही किंमत असलेली वस्तू म्हणजे निधी. आणि मर्यादा किती, तर दहा रुपये! वाचून मी पण पहिल्यांदा हसले होते, पण आकडा तोच आहे. दहा रुपयांच्या वर किमतीचं काही सापडलं की सापडणाऱ्याने शक्य तितक्या लवकर कलेक्टरला लेखी कळवायचं, वस्तू काय, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कोणत्या तारखेला सापडली, आणि वस्तू जवळच्या सरकारी ट्रेझरीत जमा करायची किंवा बोलावू तेव्हा हजर करू म्हणून तारण द्यायचं. नांगराला लागली काय किंवा मशीनने शोधली काय, कायद्याला फरक पडत नाही. तलाठ्यांशी फोनवर झालेलं बोलणं म्हणजे कळवणं नव्हे. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि त्याहून झोंबणारी गोष्ट म्हणजे तुमचा जो हिस्सा झाला असता तो सरकारजमा. एकोणीस दिवस उशीर झालाय पण 'शक्य तितक्या लवकर' याला कायद्याने दिवस ठरवून दिलेले नाहीत, म्हणून उद्याच अर्ज द्या आणि उशिराचं खरं कारण, कळवायचं असतं हे माहीत नव्हतं, दोन ओळीत लिहा.

चुलत्यांचं बघू. चुलते म्हणतात शेत अर्धं माझं म्हणून माल अर्धा माझा. तसं नाहीये. कलेक्टर नोटीस प्रसिद्ध करतात, हक्क सांगणाऱ्यांना चार ते सहा महिन्यांमधली तारीख मिळते, आणि कोणीच मूळ मालक म्हणून पुढे आला नाही तर निधी बेवारस ठरतो. मग जमिनीच्या मालकाशी वेगळं काही ठरलेलं नसेल तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाचा. सातबाऱ्यावर वडील आणि चुलते सारख्या अणेवारीने, म्हणजे सारख्या वाट्याने, असतील तर त्या चतुर्थांशातला अर्धा, म्हणजे एकूण आठवा हिस्सा चुलत्यांचा. अकरा नाण्यांत दीड नाणंही नाही. त्यासाठी दोन घरं बोलायची बंद झालीत हे वाचून वाईट वाटलं, पण वाटपाचा जुना राग असतो, तो कशावर तरी निघतो. तरी अर्जात चुलत्यांचं नाव सहखातेदार म्हणून लिहाच, लपवलं तर उद्या तेच हरकत घेतील.

मित्राचंही नाव लिहा. मशीन त्याचं, बीप ऐकला त्याने, खणलं तुम्ही, मग सापडणारा कोण यावर मी कोर्टात दोन्ही बाजूंनी अर्धा तास बोलू शकते, त्यापेक्षा दोघांचीही नावं घालून मोकळे व्हा. आणि त्याने आठवण म्हणून नेलेली तीन नाणी आधी परत आणा, अकरा सापडली तर अर्जात अकराच पाहिजेत. फोटोत एका नाण्यावर 'श्री राजा शिव' आणि मागे 'छत्र पति' दिसतंय, म्हणजे शिवराई, शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं. शिवराया पुढे पेशवाईतही पडत होत्या त्यामुळे महाराजांच्या काळातलीच असं धरून चालू नका. चार नाणी आईने चिंच-मिठाने घासली म्हणता, उरलेल्या सातांना तेवढं वाचवा.

आता ते चाळीस हजार. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात आणि अशा वस्तू विकायचा धंदा करायला लायसन्स लागतं, देशाबाहेर पाठवणं तर खाजगी माणसाला बंदच. त्या पुण्याच्या गृहस्थांना व्हॉट्सअॅपवर लायसन्सचा फोटो मागा, बहुतेक तिथेच शांत होतील. पण मुळात कलेक्टरचा निर्णय होईपर्यंत विकायला ते तुमचं झालेलंच नाही, अॅडव्हान्स घेतला असेल तर परत करा, ऑनलाइन परत करा म्हणजे पुरावा राहतो. कडू भाग पण सांगून टाकते, सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे नुसत्या धातूची किंमत अधिक तिचा पाचवा भाग एवढंच मिळतं. अकरा तांब्याच्या पैशांचे किती होणार ते तुम्हीच मोडीच्या दुकानात विचारा. हा कायदा बदलायला पाहिजे असं माझं मत आहे, असल्या मोबदल्यामुळेच लोक वस्तू लपवतात, पण आज तोच लागू आहे.

मेसेजच्या शेवटी सहज लिहिलंय की पुढच्या रविवारी मशीन घेऊन गडावर जायचा विचार आहे. नका जाऊ. संरक्षित स्मारकात खणलं, काही काढून नेलं तर केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, राज्याच्या संरक्षित ठिकाणांना राज्याचा १९६० चा वेगळा कायदा आहे. स्वतःच्या रानात चुकून सापडलं म्हणणं वेगळं आणि गडावर मशीन घेऊन पकडलं जाणं वेगळं, तिथे माझ्यासारखीला बोलायला काही उरत नाही.

गोळा कुणाचा हे मला सांगता येणार नाही. १६९९-१७०० ला औरंगजेब स्वतः अजिंक्यताऱ्याला वेढा घालून बसला होता, १८१८ ला इंग्रजांनी सातारा घेतला आणि त्याच वर्षी वासोटा किल्ल्यावर तोफा डागल्या, त्यामुळे तोफा या मुलखात कमी वाजलेल्या नाहीत, पण मित्राने रीलवर 'औरंग्याचा गोळा' असं ठोकून दिलंय ते काढायला सांगा.

अर्ज साध्या कागदावर चालतो, जिल्हाधिकारी सातारा यांच्या नावाने, गट नंबर आणि सातबाऱ्याची प्रत जोडून. नाणी पाकिटात घालून ट्रेझरीत जमा करायची तयारी असल्याचं लिहा, गोळा मात्र धोकादायक असू शकतो म्हणून जागेवर ठेवलाय आणि पोलिसांना अमुक तारखेला कळवलंय असं लिहा. शिवाय एक वाक्य माझ्यासाठी घाला, की पथकाने तपासून गोळा निर्धोक निघाल्यास नष्ट न करता पुरातत्त्व खात्याला दाखवावा ही विनंती. प्रती राज्य पुरातत्त्व खात्याच्या पुणे विभागाला आणि साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयाला द्या, वस्तू काय आहे हे ओळखणारे लोक तिथे आहेत. आवक शाखेतून शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका, साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणाले तरी शिक्का क्लार्कच मारतो. पण हे सगळं उद्याचं, ११२ चा फोन हे वाचून झालं की लगेच.