एम.एस्सी. होऊन पोरगी जुनी रजिस्टरंच चाळणार का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यातून एका शेतकरी वडिलांचं पत्र आलंय. मुलगी यंदा नागपुरातून भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. झाली. तिथल्याच एका प्रकल्पात तिला अकरा महिन्यांचं कंत्राटी काम मिळतंय. नाल्यांतला गाळ आणि विहिरी-बोअरचं पाणी तपासून तीस-चाळीस वर्षांपूर्वी जे आकडे लिहून ठेवले, ते रजिस्टरांतून नि टंकलिखित तक्त्यांतून संगणकावर आणायचे आणि दुरुस्त करायचे. वडील लिहितात, “पोरगी म्हणते, काम चांगलं आहे. तिचा मामा म्हणतो, ही डाटा एन्ट्री, बारावी झालेली पोरंही करतात, त्यापेक्षा बी.एड. करू द्या. आणि उद्या हे संगणकानंच केलं तर? आम्हाला यातलं काही समजत नाही. पाठवू का?”

भाऊ, पाठवा. मात्र रुजू होण्याआधी काही गोष्टी कागदावर घ्यायच्या आहेत, त्या पुढे सांगते. आधी मामांच्या शंकेचं बघू, कारण ती निराधार नाही. पान बघून आकडे टाइप करणं एवढंच काम असेल, तर ती डाटा एन्ट्रीच. प्रश्न आहे तो टाइप झालेला आकडा चूक आहे हे ओळखणार कोण, याचा.

तुमच्याच भागातलं उदाहरण घेते. पांढरकवडा, मारेगाव, झरी या पट्ट्यात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त निघतं, पोरांच्या दातांवर डाग पडतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक. दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. आता जुनं रजिस्टर मराठी आकड्यांत, हातानं लिहिलेलं. आपला घाईत काढलेला १ इंग्रजी नवासारखा दिसतो आणि ४ इंग्रजी आठासारखा. इंग्रजी आकड्यांची सवय असलेल्या कोणी ते उतरवलं, की १.४ चे ९.८ होतात! एका गावची बरी बोअर कागदावर विषारी ठरते. उलटंही होतं, आणि ते जास्त वाईट, कारण मग खराब बोअर चांगली म्हणून चालू राहते.

हे ओळखायचं कसं? भूगर्भशास्त्र शिकलेली मुलगी त्याच ओळीतला कॅल्शियमचा आकडा बघेल. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड फार वर जात नाही, दोघं मिळून खनिज होऊन खाली बसतात. तेव्हा कॅल्शियम १२० आणि फ्लोराइड ९.८ एकाच पाण्यात दिसले, की तिचा हात थांबायला पाहिजे. तसंच पाण्याची विद्युतवाहकता १२५० आणि विरघळलेले क्षार फक्त ८० लिहिले असतील, तर एक शून्य गळलंय. क्षारांचा आकडा साधारण वाहकतेच्या ०.६ ते ०.७ पट येतो, म्हणजे इथे ८०० च्या आसपास हवा. नायट्रेटची गंमत वेगळीच. एक प्रयोगशाळा त्यातला फक्त नायट्रोजन मोजून १० लिहिते, दुसरी अख्खं नायट्रेट मोजून ४४ लिहिते, आणि पाणी दोन्हीकडे सारखंच असतं. एकक न बघता दोन्ही एका रकान्यात टाकले, तर पहिलं गाव निर्धास्त आणि दुसरं मर्यादेच्या काठावर.

गावांच्या नावांचा गोंधळ तर विचारूच नका. विदर्भात पिंपरी किती, खैरी किती! टंकलेखकानं बुद्रुक-खुर्द गाळलं की संपलं. एखादी मौजा आता रिठी असते, नकाशावर नाव आहे नि वस्ती नाही. नागपूर-मुंबईच्या पोरांना हे समजून घ्यायला वेळ लागतो. तुमच्या मुलीला ते उपजत माहीत आहे आणि तिनं मुलाखतीत तसं सांगावंही. मग अक्षांश-रेखांश. कागदावर २० अंश ४० मिनिटं असतं, टाइप करणारा २०.४० लिहितो. खरं तर ते २०.६७ हवं. त्या एवढ्याशा चुकीनं नमुना तीस किलोमीटर दक्षिणेला जातो. वर जुन्या टोपोशीटची, म्हणजे सर्वेक्षण खात्याच्या नकाशाची मोजणी आणि आजच्या जीपीएसची मोजणी यांच्यातच शंभर मीटरहून जास्त फरक पडतो, म्हणजे गाळ ज्या नाल्यातून उचलला तो नालाच चुकायचा.

मामांना एक प्रश्न विचारा: रजिस्टरात “०.२ पेक्षा कमी” असं लिहिलंय, तिथे संगणकावर काय भरायचं? कोणी ०.२ भरतं, कोणी शून्य, कोणी रकाना कोरा ठेवतं. पण “तपासलं आणि यंत्राच्या पकडीत आलं नाही” ही एक गोष्ट झाली, “तपासलंच नाही” ही दुसरी. या दोन्ही एक झाल्या की पुढची सगळी सरासरी खोटी.

आता संगणकाचं. हो, वेडावाकडा आकडा शोधायला तो माणसापेक्षा चपळ आहे. पण शोधल्यावर तो काय करतो? बाकीच्यांपेक्षा फार मोठा आकडा दिसला की चूक समजून काढून टाकायचा, अशी सोपी आज्ञा त्याला बरेच जण देतात. ती आज्ञा तुमसरकडच्या गाळाला लावली तर मँगनीजचे आकडे उडतील. तिथे मँगनीजच्या खाणी आहेत, आकडे मोठे येणारच! गाळ तपासायचा तोच मुळी असे आकडे सापडावेत म्हणून. यवतमाळच्या काळ्या दगडावरच्या नाल्यात तांबं दहा लाख भागांत शंभराच्या वर निघालं तर नवल नाही, त्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, ते असतंच. तेवढंच गडचिरोलीच्या ग्रॅनाइटवर निघालं तर माणूस जागेवर पाठवायला हवा. खाली दगड कोणता, हे सांगणारं माणूस लागतंच.

मुलीला एक मात्र बजावून सांगा. मूळ आकडा कधीही खोडायचा नाही. तो त्याच्या रकान्यात तसाच ठेवायचा, दुरुस्ती शेजारच्या रकान्यात, आणि का केली हे तिसऱ्या रकान्यात एका ओळीत. कारण सापडत नसेल तर दुरुस्ती करायचीच नाही, “संशयित” एवढीच खूण. अमेरिकेत १९७० च्या दशकात युरेनियम शोधण्यासाठी देशभर गाळाचे आणि पाण्याचे नमुने घेतले. काम चार प्रयोगशाळांत वाटलं आणि प्रत्येकीनं आपापल्या पद्धतीनं नोंदी केल्या. ते सगळं एका साच्यात आणायला तिथल्या भूवैज्ञानिकांना पुढे कित्येक वर्षं खपावं लागलं. आपल्याकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण २००१ पासून देशाचा भूरासायनिक नकाशा, म्हणजे कुठे कोणतं मूलद्रव्य किती याचा नकाशा करतंय, दर चौरस किलोमीटरला गाळाचा एक नमुना आणि अशा चार नमुन्यांचं एकत्र विश्लेषण. डिसेंबर २०२३ मध्ये भूवैज्ञानिक माहितीचं राष्ट्रीय भांडारही सुरू झालं. त्यात जुनं ओतायचं तर आधी ते निवडावं लागणार.

आता पोटापाण्याचं. या कंत्राटातून कायम नोकरी मिळणार नाही, ती आशा धरूच नका. कायम नोकरीचा सरळ रस्ता म्हणजे यूपीएससीची कम्बाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा. त्यातून भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक आणि केंद्रीय भूजल मंडळात जलभूवैज्ञानिक घेतात. जाहिरात साधारण सप्टेंबरात, पूर्व परीक्षा फेब्रुवारीत, मुख्य जूनमध्ये, वयाची अट २१ ते ३२, मुलींना फी नाही. जागा थोड्या असतात, म्हणून दोन-तीन वर्षांची तयारी धरून चला. भारतीय खाण ब्युरो आणि खनिज शोधाचं काम करणारी सरकारी कंपनी एमईसीएल यांची मुख्यालयं नागपुरातच आहेत, त्यांच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवायला सांगा. मुलाखतीत “तुम्ही प्रत्यक्ष काय केलंत?” या प्रश्नाला तिच्याकडे सांगण्यासारखं असेल, आणि या अकरा महिन्यांचा खरा उपयोग तोच. त्या काळात तिनं क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर आणि थोडं पायथन, म्हणजे संगणकाला आज्ञा द्यायची भाषा, शिकून घ्यावं. दोन्ही फुकट आहेत.

बी.एड.बद्दल माझं मत स्पष्ट आहे. शाळेत भूगर्भशास्त्र हा वेगळा विषय नाही, अकरावी-बारावीला तो मोजक्याच ठिकाणी आहे. तिला शिकवायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. पण केवळ सुरक्षित वाटतं म्हणून दोन वर्षं घालवू नका.

आणि त्या कागदावरच्या गोष्टी. नेमणूकपत्रात पदाचं नाव “डाटा एन्ट्री ऑपरेटर” नको, “प्रकल्प सहायक” किंवा तसंच काही हवं. पुढच्या अर्जांत हे नाव फार नडतं. पगार महिन्यावर हवा. पानावर किंवा ओळीवर पैसे देणार असतील तर जाऊ देऊ नका, कारण संशयित आकड्यापाशी थांबणाऱ्याचं तिथे नुकसान होतं आणि न बघता पुढे जाणाऱ्याचा फायदा. शंका आलेल्या ठिकाणी जाऊन पुन्हा नमुना घ्यायची सोय प्रकल्पात आहे का, तेही तिनं विचारावं. नसली तरी काम घ्यावं, पण असेल तर पावसाळा संपल्यावरच्या फेरीत आपलं नाव आधीच लावून ठेवावं. राहण्याचं म्हणाल तर ती दोन वर्षं नागपुरात राहिलेली आहे, त्याची काळजी तुमच्यापेक्षा तिला जास्त कळते. सप्टेंबरात परीक्षेचा अर्ज भरून झाला की मला कळवायला सांगा, मुख्य परीक्षेच्या पेपरांबद्दल तिच्याशीच बोलते.