अम्ब्रेला कंपनीच्या हिशोबात नॅशनल इन्शुरन्स दोनदा का कापलेला दिसतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लंडनमध्ये आयटीचं कॉन्ट्रॅक्ट, एजन्सीने सांगितलेला रेट दिवसाला 400 पौंड. पाच दिवस भरले, म्हणजे 2,000. खात्यात आले 1,205. कागदांवर नॅशनल इन्शुरन्स (ब्रिटनमधली सामाजिक विम्याची वर्गणी, पुढे एनआय म्हणतो) दोन ठिकाणी कापलेला आहे, त्यातला एक चक्क 'एम्प्लॉयर्स'. कंपनीने भरायचा पैसा माझ्याकडून का, आणि मी फसलो आहे का?

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तरी फसलेला नाहीत. हिशोब बरोबर आहे. चूक झाली ती रेट ठरवताना: 400 हा तुमचा पगार आहे असं तुम्ही धरलंत आणि एजन्सीच्या माणसाने ते खोडून काढलं नाही. 400 ही एजन्सी अम्ब्रेला कंपनीला (कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाला नोकरीवर ठेवून त्याचा पगार करणारी मधली कंपनी) देते ती रक्कम, म्हणजे असाइनमेंट रेट. तुम्ही नोकर अम्ब्रेला कंपनीचे. नोकर ठेवला की मालकाला स्वतःचा एनआय, अप्रेंटिसशिप लेव्ही (शिकाऊ उमेदवारांच्या प्रशिक्षणासाठीचा कर), पेन्शनचा वाटा आणि रजेचे पैसे द्यावेच लागतात, आणि तुमच्या कामातून त्या कंपनीकडे येणारा पैसा म्हणजे हे 2,000च. मालकाचा एनआय नोकराच्या पगारातून वसूल करायला कायद्याने बंदी आहे. म्हणून तो पगार ठरण्याआधी, असाइनमेंट रेटमधून बाजूला काढतात. परिणाम तुमच्या खिशावरच होतो, हे मान्य. पण ते बेकायदा नाही.

म्हणूनच तुम्हाला दोन कागद येतात आणि ते वेगवेगळे वाचायला हवेत. पहिला रिकन्सिलिएशन स्टेटमेंट: 2,000 पासून तुमच्या ग्रॉस, म्हणजे कपातीआधीच्या, पगारापर्यंत. दुसरी खरी पेस्लिप: ग्रॉसपासून हातात पडणाऱ्या रकमेपर्यंत. काही कंपन्या दोन्ही एकाच पानावर छापतात, तिथेच सगळ्यांचा गोंधळ होतो.

पहिल्या कागदावर 2,000 मधून आधी कंपनीचं मार्जिन, म्हणजे तिची फी, जातं. ते साधारण आठवड्याला 15 ते 30 पौंड असतं, तुमचं 20 आहे. उरले 1,980. आता एम्प्लॉयर्स एनआय. एप्रिल 2025 पासून त्याचा दर 15 टक्के आणि सूट फक्त आठवड्याच्या पहिल्या 96 पौंडांवर. त्याखेरीज अप्रेंटिसशिप लेव्ही 0.5 टक्के. बरेच जण इथे 1,980 चे 15 टक्के काढतात, 297 येतात, कागदावरच्या 244.61 शी जुळत नाहीत आणि डोकं फिरतं. हे 15 टक्के 1,980 वर नाहीतच, ते ग्रॉस पगारावर आहेत, आणि ग्रॉस तर अजून काढायचा आहे. त्यामुळे हिशोब उलटा करावा लागतो: 1,980 मध्ये 96 चे 15 टक्के, म्हणजे 14.40 मिळवा, 1,994.40 होतात. त्याला 1.155 ने भागा. उत्तर 1,726.75, एका पेनीच्या राउंडिंगने कागदावर 1,726.76. हाच तुमचा ग्रॉस. ताळा करून बघा: ग्रॉस 1,726.76, एनआय 244.61, लेव्ही 8.63, बेरीज बरोबर 1,980. हा भागाकार मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटात होतो. अम्ब्रेलावर काम करणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा स्वतः करावा असं मला मनापासून वाटतं.

या 1,726.76 मध्ये रजेचे पैसेही आहेत. वर्षाला 5.6 आठवडे पगारी रजा कायद्याने मिळते, त्याचे 12.07 टक्के होतात. म्हणून ग्रॉसचे दोन भाग दिसतात: मूळ पगार 1,540.79 आणि हॉलिडे पे 185.97. तुम्हाला दोन्ही दर आठवड्याला एकत्र मिळताहेत. काही कंपन्या मात्र रजेचे पैसे साठवून ठेवतात आणि तुम्ही मागितल्यावर देतात. तसं असेल तर साठलेला आकडा प्रत्येक पेस्लिपवर दिसला पाहिजे, आणि रजेचं वर्ष संपण्याआधी किंवा कॉन्ट्रॅक्ट सुटताना तो मागून घ्यायचा. न मागितलेले पैसे कंपनीच्या खिशात राहिल्याच्या तक्रारी या धंद्यात जुन्या आहेत. आठवड्याला 186 पौंड, तीस आठवडे चुकले की साडेपाच हजार.

दुसरा कागद त्यामानाने सरळ आहे. टॅक्स कोड (किती पगारावर कर नाही हे सांगणारा) 1257एल असेल तर आठवड्याला सुमारे 242 पौंडांवर आयकर नाही, पुढच्या 725 वर 20 टक्के आणि त्यावर 40 टक्के. तुमच्या ग्रॉसवर तो 448.60 येतो. तुमचा स्वतःचा एनआय 242 ते 967 पर्यंत 8 टक्के, वर 2 टक्के, म्हणून 73.20. उरले 1,204.96. स्कॉटलंडमध्ये राहत असाल तर कोडच्या आधी एस लागतो आणि आयकराचे टप्पे वेगळे, त्यामुळे तिथे हा आकडा जुळणार नाही.

खरी गडबड होते ती टॅक्स कोडमध्ये, म्हणून तिकडे नीट बघा. रुजू होताना जुन्या नोकरीचा पी45 (तिथला पगार आणि कापलेला कर दाखवणारा दाखला) दिला नाही आणि स्टार्टर चेकलिस्टही (नव्या मालकासाठीचा माहितीचा फॉर्म) भरली नाही, तर 0टी कोड लागतो: करमाफीची रक्कम शून्य. तुमच्या पगारावर त्याने आठवड्याला 96.80 पौंड जास्त कापले जातील. हे पैसे बुडत नाहीत, कोड दुरुस्त झाला की परत येतात, पण तोवर भाडं कशातून द्यायचं हा प्रश्न उरतोच. त्याहून वाईट बीआर. चेकलिस्टमध्ये 'सी' पर्याय (दुसरी नोकरी किंवा पेन्शनही आहे) निवडला की हा कोड येतो आणि सगळ्या पगारावर सरसकट 20 टक्केच कापतो. हातात जास्त येतात म्हणून माणूस खूश, आणि नंतर एचएमआरसीची (ब्रिटनच्या कर खात्याची) वसुली येते. 6 एप्रिलनंतरची ही तुमची पहिलीच नोकरी असेल, तर पर्याय 'ए'. कोडच्या शेवटी डब्ल्यू1 किंवा एम1 असेल तर मधल्या रिकाम्या आठवड्यांची सूट मोजली जात नाही. एचएमआरसीला फोन करून किंवा त्यांच्या ॲपमधून तो बदलून घ्या.

तुमच्या कागदावर पेन्शन दिसत नाही, कारण कंपनी ती पहिले तीन महिने पुढे ढकलू शकते. चौथ्या महिन्यात पैसे अचानक कमी आले तर घाबरू नका. आठवड्याच्या 120 ते 967 या पट्ट्यावर कंपनीचे 3 टक्के, म्हणजे 25.41 पौंड, असाइनमेंट रेटमधूनच जातील, आणि तुमचे 5 टक्के, त्यातली करसवलत धरून 42.35. नको असेल तर बाहेर पडता येतं. मी राहायला सांगेन, कारण तो पैसा तुमच्याच नावावर जमतो. सॅलरी सॅक्रिफाइसने (पगाराचा तेवढा भाग सोडायचा, तो कंपनी थेट पेन्शनमध्ये भरते) पेन्शन भरायची सोय असेल तर अवश्य विचारा, त्याने दोन्ही एनआय वाचतात.

आता पुढच्या वेळचं. एजन्सी दोन रेट सांगते, 'अम्ब्रेला' आणि 'पीएवायई' (थेट एजन्सीकडून, कर कापून मिळणारा पगार). ते एका मापाचे नाहीत. तुमचे अम्ब्रेलाचे 400 म्हणजे पीएवायईचे सुमारे 308 आणि वर रजेचे पैसे. एखादी एजन्सी थेट पीएवायईवर 330 अधिक रजा देत असेल, तर आकडा लहान दिसला तरी ती ऑफर चांगली. होकार देण्याआधी की इन्फर्मेशन डॉक्युमेंट मागा. एप्रिल 2020 पासून एजन्सीला तो द्यावाच लागतो, आणि नमुन्याच्या पगारावर कुठली कपात किती होईल हे त्यात लिहिलेलं असतं. तो तुमच्या रेटवर करून मागा.

आणि हे फार कळकळीने सांगतो. तुमच्या रेटला खरी टक्केवारी 60 च्या आसपास आहे. 'आमच्याकडे 80-85 टक्के हातात' असं कोणी सांगितलं, तर तो हुशार अकाउंटंट नसून करचुकवेगिरीची योजना आहे. ओळखायची खूण पेस्लिपवरच सापडते: पगार किमान वेतनाएवढा, आणि बाकीचा पैसा कर्ज, ॲडव्हान्स, ॲन्युइटी अशा नावाने, कर न कापता, कधी तर दुसऱ्याच कंपनीकडून खात्यात. नुसतं किमान वेतन अधिक बोनस असेल आणि दोन्हींवर कर कापला जात असेल तर हरकत नाही. कर न कापलेली दुसरी रक्कम आली की सावध व्हा. 6 एप्रिल 2026 पासून अम्ब्रेलाने न भरलेल्या पीएवायईसाठी (इथे अर्थ पगारावरचा कर आणि एनआय) एजन्सीलाही जबाबदार धरता येतं. पण अशा योजनेत सापडलात तर 'मला माहीत नव्हतं' म्हणून तुमचा कर माफ होत नाही. एचएमआरसी अशा योजनांची नावं आपल्या वेबसाइटवर देते. सही करण्याआधी कंपनीचं नाव तिथे शोधा.

व्हिसाबद्दल एक ओळ, कारण आपल्याकडच्या बऱ्याच जोडप्यांचा प्रश्न असतो: स्किल्ड वर्करच्या जोडीदाराला डिपेंडंट व्हिसावर अम्ब्रेलातून काम घेता येतं. मूळ व्हिसाधारकाने मात्र स्पॉन्सरची नोकरी सोडून असं कॉन्ट्रॅक्ट धरू नये, व्हिसा जाईल.

आज रात्री एवढं करा: एचएमआरसीच्या ॲपमध्ये चालू नोकरीखाली कंपनीने कळवलेला पगार आणि कर बघा. प्रत्येक पगार खात्यात पडायच्या दिवशी किंवा त्याआधी कळवणं तिला बंधनकारक आहे. तिथे 1,726.76 आणि 448.60 दिसले तर ठीक. आठवडाभराने पाहूनही काहीच दिसलं नाही, किंवा नोकरी देणाऱ्या कंपनीचं नाव तुम्ही सही केलेल्या करारापेक्षा वेगळं निघालं, तर पुढची टाइमशीट भरण्याआधी एजन्सीला लेखी विचारा आणि तो ईमेल जपून ठेवा.