रोजच्या वापरासाठी ओपन सोर्स सॉफ्टवेअर आणि गॅजेट्स कशी शोधायची? फुकटच्या वस्तूवर भरवसा ठेवावा का, बिघडली तर धरायचं कोणाला?

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा तुकडा वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो, कोणीही वाचू-बदलू शकतं असं. ‘बिघडलं तर धरायचं कोणाला?’ हे वाक्य मी आमच्या भाऊजींच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकत आलोय. भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. सीताबर्डीत त्यांचं कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. माझं महालात डीटीपी आणि टायपिंगचं, बाबांनी सुरू केलेलं. दिवाळी असो की कोणाची तेरवी, आम्ही समोरासमोर आलो की हा विषय निघतोच. त्यांचं म्हणणं एका ओळीचं आहे: ज्याचं पक्कं बिल आहे, त्याला वाली आहे.

तर या ‘वाली’ची गोष्ट आधी सांगतो.

बाबांनी काटोलकडच्या आमच्या गावातल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. आजीच्या तर होत्याच, शेजारपाजारच्याही. सुटीच्या दिवशी गावी जायचे, वहीत उतरवून आणायचे आणि संध्याकाळी दुकानातली गर्दी ओसरली की स्वतः टाइप करायचे. पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनीच पानं लावली आणि छोटी पुस्तिका छापून नातेवाइकांत वाटली. पुढे बाबा गेले, प्रतीही संपल्या. मग आत्यानं सांगितलं, नातीच्या लग्नात आहेर म्हणून हीच पुस्तिका द्यायची आहे, काढून दे. आमच्याकडे एकच प्रत उरली होती आणि तिची मधली पानं वाळवीनं खाल्लेली.

फाइल होती. बाबांचा विंडोज एक्सपीवाला कॉम्प्युटर एका उन्हाळ्यात बंद पडला होता, पण हार्ड डिस्क शाबूत होती. अडकलं ते मराठी सॉफ्टवेअरपाशी. त्या काळी मराठी टायपिंगची पॅकेजेस डोंगल (कॉम्प्युटरला लावायची, किल्लीचं काम करणारी छोटी डबी) लावल्याशिवाय चालत नसत. आमचं डोंगल प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टात बसणारं होतं आणि नव्या मशीनला ते पोर्टच नसतं. कंपनीला फोन केला. बिल होतं, बाबांनी जपून फाइलला लावलेलं. पलीकडून उत्तर आलं की ते डोंगल आता चालत नाही, नवीन आवृत्ती विकत घ्या, आणि जुन्या फाइली त्यात उघडतीलच असं सांगता येणार नाही. पैसे भरलेले, बिल हातात, मजकूर आमच्या बापानं टाइप केलेला, आणि तो वाचण्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. ज्यांची कॉलर धरायची ते फोनवरच होते. त्यांनी नवा दर सांगितला आणि फोन ठेवला.

भाऊजी म्हणाले, “काहून डोकं लावून राहिला त्याच्यात? एखादी पोरगी बसव, पुन्हा टाइप करून घे.” टाइप करून घ्यायचं, पण कशावरून? वाळवीनं खाल्लेल्या पानांवरून?

मार्ग लिब्रेऑफिस या ओपन सोर्स ऑफिस सॉफ्टवेअरनं काढला. फार लोकांना माहीत नाही, पण 2015 साली आलेल्या त्याच्या 4.4 आवृत्तीपासून पेजमेकरच्या फाइली त्यात उघडतात. बंद पडलेल्या, मालकानं सोडून दिलेल्या फाइल-प्रकारांचा उलगडा करणारा डॉक्युमेंट लिबरेशन नावाचा एक प्रकल्प आहे, ही त्यातल्या मंडळींची कामगिरी. बाबांची फाइल लिब्रेऑफिसच्या ड्रॉ या भागात उघडली. मांडणी विस्कटलेली होती, पण मजकूर सगळा होता. फक्त तो मराठी दिसत नव्हता. इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, डोक्यावर टोपी घातलेले युरोपियन स्वर, असा सगळा गोंधळ. जुने मराठी फॉन्ट असेच बनवलेले असायचे, इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरीचा तुकडा बसवलेला. फॉन्ट काढला की खालचं इंग्रजी उघडं पडतं.

भाचा, म्हणजे भाऊजींचाच मुलगा, तेव्हा इंजिनिअरिंगला होता. आम्ही दोघं बसलो. डाव्या हाताला पुस्तिकेची शाबूत पानं, उजवीकडे स्क्रीनवरचा तो गिचमिड मजकूर. कोणत्या चिन्हाला कोणता तुकडा, याचा तक्ता लिब्रेऑफिसच्याच कॅल्क या स्प्रेडशीटमध्ये दोन कॉलम करून बनवत गेलो. सोपी अक्षरं पटापट जुळली. खरी कसोटी ‘कार्तिकी’नं घेतली. पंढरीच्या ओव्या म्हटल्यावर हा शब्द पानोपानी. जुन्या फॉन्टात अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमानं साठवलेली असतात: आधी वेलांटी, मग त, मग त्यावरचा रफार. युनिकोड म्हणजे आज सगळीकडे चालणारी अक्षरं साठवायची पद्धत, त्यात उच्चाराचा क्रम चालतो: आधी अर्धा र, मग त, मग वेलांटी. म्हणजे प्रत्येक वेलांटी उचलून व्यंजनाच्या पलीकडे न्यायची आणि प्रत्येक रफार मागून पुढे आणायचा. ‘स्थिती’सारखं जोडाक्षर आलं की वेलांटीनं दोन्ही व्यंजनं ओलांडायची. त्यात मराठीचा आपला ‘ऱ्य’. ‘वाऱ्यावर’ पहिल्या फेरीत ‘वार्यावर’ होऊन आलं. त्याला वेगळा नियम लावला. भाच्यानं पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत छोटी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली. पायथॉनही ओपन सोर्सच. प्रस्तावना फाइलमध्ये नव्हतीच. तिची छापील पानं स्कॅन करून टेसरॅक्टकडून वाचून घेतली. हे ओसीआरचं, म्हणजे पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखणारं, सॉफ्टवेअर मुळात एचपीमध्ये 1985 ते 1994 या काळात तयार झालं, 2005 साली खुलं केलं गेलं आणि त्याला मराठी वाचता येतं. ‘घ’ आणि ‘ध’मध्ये गफलत करतं, वऱ्हाडी शब्दांपाशी अडखळतं, त्यामुळे मुद्रितशोधन डोळ्यांनीच करावं लागतं.

शेवटी सगळा मजकूर लिब्रेऑफिसच्या रायटरमध्ये घेतला, ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचा ‘मुक्त’ हा फॉन्ट लावला, पीडीएफ केली आणि छापखान्यात दिली. आत्यानं लग्नात वाटली. आता तो मजकूर युनिकोडमध्ये आहे. भाच्याच्या फोनवर उघडतो, माझ्याकडे उघडतो, अमेरिकेतल्या चुलतभावाकडेही उघडतो.

भाऊजींच्या ‘वाली कोण’ला माझं उत्तर हे आहे. 2010 साली ओरॅकलनं सन कंपनी विकत घेतली तेव्हा सनचं ओपनऑफिस हे खुलं ऑफिस सॉफ्टवेअरही त्यांच्या हाती गेलं. बरेचसे बनवणारे त्याच वर्षी बाहेर पडले आणि त्याच कोडवर लिब्रेऑफिस उभं केलं. आपल्यासारख्या वापरणाऱ्यांचं काय बिघडलं? काही नाही. फाइलचा प्रकार ओडीएफ, तो 2006 पासून आयएसओचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय, मानक आहे, कोणीही वाचू शकतं. मालक बदलला, नाव बदललं, फाइली उघडत राहिल्या. बिलवाल्या सॉफ्टवेअरमध्ये कंपनीचं मन बदललं की तुमची फाइल अडकते. मला कोणाची कॉलर धरायची हौस नाही, मला फाइल उघडलेली हवी आहे.

‘हे सगळं हौशी पोरांचं काम, धंद्यात चालत नाही’ असंही भाऊजी म्हणतात. केरळच्या सरकारी शाळांमधले कॉम्प्युटर कितीतरी वर्षांपासून लिनक्सवर (विंडोजच्या जागी चालणारी खुली ऑपरेटिंग सिस्टीम) चालतात, मुलं त्यावरच शिकतात. माझ्या दुकानातली दोन्ही मशीन लिनक्स मिंट या त्याच्याच एका प्रकारावर आहेत आणि शपथपत्रांपासून लग्नपत्रिकांपर्यंत सगळं त्यावरच निघतं.

आता शोधायचं कुठे. फायरफॉक्स, व्हीएलसी वगैरे तुमच्याकडे असेलच, ते सांगत नाही. पेनड्राइव्हवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका आणि इन्स्टॉल न करता तशीच चालवून बघा. त्यातला सॉफ्टवेअर मॅनेजर हीच सगळ्यात मोठी यादी आहे. हवं ते काम शोधा, निघालेल्या चार नावांतून ज्याची नवी आवृत्ती अलीकडे आली असेल ते घ्या. वर्षानुवर्षं हात न लागलेलं घेऊ नका. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला, म्हणजे नेहमीचे अपडेट बंद झाले, त्यामुळे धडधाकट लॅपटॉप लोक मातीमोल भावात काढून राहिलेत. असा एखादा घ्या, चार जीबी रॅम असली तरी पुरे, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) बसवा.

अँड्रॉइड फोनसाठी एफ-ड्रॉइड हे ॲप्सचं दुकान. त्यात फक्त ओपन सोर्स ॲप्स असतात, आणि एखादं ॲप जाहिराती दाखवत असेल किंवा माग काढत असेल तर तसं त्याच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असतं. ऑसमअँड हे नकाशाचं ॲप नक्की घ्या, ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे आधीच उतरवून ठेवता येतात. पेंचच्या जंगलाच्या बाजूला नेटवर्क गेलं की त्याची किंमत कळते. दुकानात मी लोकलसेंड हे फाइल पाठवायचं ॲप वापरतो. गिऱ्हाईक प्रिंटसाठी आधार कार्ड व्हॉट्सॲपवर पाठवतं आणि ते दुकानदाराच्या फोनवर कायमचं पडून राहतं, हे मला पटत नाही. लोकलसेंडनं फाइल दुकानातल्या वायफायवरूनच मशीनवर येते, प्रिंट झाली की मी पुसून टाकतो. सॉफ्टवेअर शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्यूटोरियल बघा, लिब्रेऑफिसचे धडे मराठीतही आहेत.

गॅजेटचं एकच सांगतो, कारण ते आमच्या घरात चालू आहे. आर्डुइनो. 2005 साली इटलीतल्या इव्रेआ गावात विद्यार्थ्यांसाठी बनलेला, प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड. त्याचा आराखडाच खुला आहे, म्हणून त्याच बनावटीचे स्वस्त बोर्ड बाजारात राजरोस मिळतात. (रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर चांगला आहे, पण त्याच्या बोर्डाचा आराखडा असा खुला नाही, लोक सरसकट ओपन हार्डवेअर म्हणतात ते चूक.) भाच्यानं आर्डुइनो आणि रिले (विजेवर चालणारं स्विच) लावून आमच्या कूलरच्या पंपाला टायमर केला. नागपूरच्या मे महिन्यात कूलर रात्रभर चालतो, पण पंप सतत चालायची गरज नसते. वाळा एकदा भिजला की थोडा वेळ नुसता पंखाही थंड हवा देतो. पंप काही मिनिटं चालतो, मग थांबतो, टिक आवाज येतो, पुन्हा चालू होतो. टाकीतलं पाणी पहाटेपर्यंत पुरतं आणि खोलीत चिकचिक होत नाही. जोडणी 230 व्होल्टची आहे आणि खाली पाणी आहे, तेव्हा ती इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

आता जे चालत नाही तेही सांगतो. टॅलीवर हिशेब असतील तर लिनक्सवर सरळ चालत नाही, एक विंडोज मशीन ठेवावंच लागतं. डिजिटल सिग्नेचरचं टोकन लावून सरकारी पोर्टलवर काम करणाऱ्यांनीही आधी चाचणी घ्यावी. कोरलड्रॉच्या फाइली इंकस्केप या ओपन सोर्स ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये उघडतात, पण दर वेळी जशाच्या तशा नाही. गिऱ्हाईकाकडून पीडीएफच मागून घ्या. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) टाकायचं असेल तर विकत घेण्याआधी मॉडेलसोबत मागच्या स्टिकरवरचा व्हर्जन नंबरही त्यांच्या यादीत शोधा. मॉडेल तेच, व्हर्जन वेगळं, आणि आतली चिप निराळी, असं सर्रास असतं. प्रिंटरचंही तेच, काही जुन्या लेझर प्रिंटरना लिनक्सचा ड्रायव्हर धड नाही, एचपीच्या बहुतेकांना आहे.

आणि जुन्या फॉन्टातल्या मराठी फाइली घरात असतील, तर बाकी सगळं नंतर करा, आधी त्या युनिकोडमध्ये आणा, छापील प्रत शाबूत आहे तोवर. तक्ता तिच्यावरूनच बनतो. आमच्या फॉन्टचा तक्ता आणि भाच्याची स्क्रिप्ट मागेल त्याला देतो. फॉन्टचं नाव खाली कमेंटमध्ये लिहा.