जुनी शाळा, मोठं नाव आणि सात वर्षांची फी

बर्मिंगहॅमहून एका ताईंनी विचारलंय. मुलगा इयर फाइव्हला, म्हणजे नऊ-दहा वर्षांचा आहे, ऑफिसमधले सगळे सांगतात शहरातल्या जुन्या इंडिपेंडंट शाळेत टाका म्हणजे पोराचं भलं होईल, फीचा आकडा ऐकून मिस्टर दोन दिवस गप्प होते, आणि आता दोघांनाही कळत नाहीये की एवढे पैसे घेऊन ती शाळा असं काय देते जे घराजवळच्या फुकटच्या शाळेत मिळणार नाही. ताई, तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण बहुतेक जण हा प्रश्न न विचारताच ट्यूशन लावून मोकळे होतात.

आधी नावांचा घोळ सोडवूया. इथे पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी शाळा नव्हे, जुनी फीवाली शाळा. आणि ग्रामर स्कूल असं पाटीवर लिहिलेलं असलं तरी ती फुकटची आहे की फीवाली हे त्यावरून कळत नाही. मँचेस्टर ग्रामर स्कूल फी घेते, पण इंग्लंडमध्ये १६३ सरकारी ग्रामर शाळा आहेत, तिथे परीक्षा देऊन जायचं आणि फी शून्य. तुमच्या गावातच बघा ना. १५५२ सालापासूनची किंग एडवर्ड्स स्कूल आणि तिच्या शेजारची मुलींची हायस्कूल या दोन्ही इंडिपेंडंट, आणि त्याच फाउंडेशनच्या कॅम्प हिल, ॲस्टन, फाइव्ह वेज, हँड्सवर्थ या ग्रामर शाळा मात्र सरकारी. नाव सगळीकडे किंग एडवर्ड, पण एकीकडे वर्षाला हजारो पौंड आणि दुसरीकडे काही नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी "किंग एडवर्डला लागला" असं लिहिलं तर आधी विचारा कुठल्या.

इंडिपेंडंट म्हणजे काय हे आपल्या लोकांना एका शब्दात सांगता येतं, विनाअनुदानित. आणि मजा म्हणजे शहरांमधल्या यातल्या बऱ्याच शाळा एकेकाळी आपल्याकडच्या अनुदानित शाळांसारख्याच होत्या. डायरेक्ट ग्रँट नावाची पद्धत होती, सरकार थेट शाळेला पैसे द्यायचं आणि त्या बदल्यात किमान २५ टक्के जागा सरकारी प्राथमिक शाळांतून आलेल्या मुलांना फुकट द्याव्या लागायच्या. १९७०च्या दशकात ती पद्धत बंद झाली, सरकारने सांगितलं एकतर पूर्ण आमच्यात या नाहीतर आपले आपण चाला, आणि मँचेस्टर, बर्मिंगहॅमच्या या जुन्या शाळांनी दुसरा रस्ता धरला. हे सांगतेय कारण यामुळे त्या शाळांचा स्वभाव कळतो. या डोंगरातल्या होस्टेलवाल्या शाळा नाहीत, शहरातल्या डॉक्टरांची, दुकानदारांची, बस ड्रायव्हरची मुलं एका वर्गात बसायची अशा शाळा आहेत, आणि त्यांच्यातल्या चांगल्या शाळांना ते अजून विसरता आलेलं नाही.

आता मुख्य मुद्दा, देतात काय. मार्क देतात असं सगळे म्हणतात, पण मला ते अर्धंच खरं वाटतं. परीक्षा घेऊन निवडलेली मुलं, वर शिकलेसवरलेले आईबाप, त्यांना चांगले मार्क मिळणारच, त्यात शाळेचा वाटा किती आणि पोराचा किती हे वेगळं काढता येत नाही. या शाळा खरं तर दोन गोष्टी विकतात, माणसं आणि वेळ. वर्गात मुलं कमी म्हणजे शिक्षकाला वही नीट बघता येते. आणि जेवणाची सुट्टी मोठी, शाळा सुटल्यावरही दारं उघडी, म्हणून ज्याला ज्यात गोडी आहे त्याला ते करायला जागा मिळते.

मी मुलीसाठी एका शाळेचा ओपन डे बघायला गेले होते तेव्हाची गोष्ट सांगते. मुख्याध्यापकांचं भाषण मला आज एक शब्द आठवत नाही. पण नंतर आम्हाला फिरवायला इयर नाइनचा एक मुलगा दिला, तो केमिस्ट्री लॅब दाखवता दाखवता मध्येच एका छोट्या खोलीपाशी थांबला आणि म्हणाला हे बघायचंय का, हे यादीत नाहीये. आत सुतारकामाचं टेबल, त्यावर अर्धवट तासलेलं एक स्टूल, तीन पाय लागलेले आणि चौथा क्लॅम्पमध्ये आवळलेला, खाली भुसा. म्हणाला हे माझं आहे, तिसऱ्यांदा करतोय, आधीचे दोन डगमगत होते, सर म्हणाले घाई नाही, दर मंगळवारी ये. हे "घाई नाही, दर मंगळवारी ये" म्हणजेच त्या फीचा अर्थ, असं मला तिथे उभ्या उभ्या वाटलं. मुलगी त्या स्टुलाभोवती दोन चकरा मारून आली आणि घरी जाताना फक्त त्याबद्दलच बोलत होती.

बाकी यादी तुम्हाला माहितपत्रकात मिळेलच, लॅटिन, कधी कधी ग्रीक, ऑर्केस्ट्रा, रोइंग, सीसीएफ म्हणजे आपल्या एनसीसीसारखं, ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्ड म्हणजे समाजसेवा, खेळ, भटकंती पूर्ण करून मिळणारं. ड्यूक ऑफ एडिनबरा अनेक सरकारी शाळांतही असतं, त्यासाठी कोणी फीवाल्या शाळेत जायची गरज नाही. या शाळांना नॅशनल करिक्युलम म्हणजे सरकारी अभ्यासक्रम बंधनकारक नाही, म्हणून कुठे जीसीएसई म्हणजे सोळाव्या वर्षाची बोर्डासारखी परीक्षा, कुठे तिचीच आंतरराष्ट्रीय आवृत्ती आयजीसीएसई, कुठे दोन्ही मिसळून. मराठीचं जीसीएसई नाहीये, गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दूचं आहे, त्यामुळे मराठी टिकवायचं काम कुठल्याही शाळेत गेलात तरी घरालाच करायचंय.

आणि इथे मला आपल्या लोकांना थोडं रागावून सांगायचंय. एवढी फी भरून, पोराला एवढ्या जागेत आणि एवढ्या मोकळ्या वेळात पाठवून, संध्याकाळी परत मॅथ्सची ट्यूशन, शनिवारी इंग्लिशची ट्यूशन, आणि चेस क्लब, नाटक, सुतारकाम सगळं "नको, अभ्यास मागे पडेल" म्हणून बंद. मग फी कशाची भरली? मार्क तर तुमचं पोर सरकारी शाळेतून आणि त्याच ट्यूशनमधून आणलंच असतं. मी अशी चार घरं तरी बघितली आहेत, मुलं वाईट नाहीत, आईबापही वाईट नाहीत, सगळे दमलेले आहेत फक्त.

पैशाचं मोकळेपणाने बोलूया. शहरातल्या डे स्कूलची फी साधारण वर्षाला १८ हजारांपासून सुरू होते आणि लंडनमध्ये ३० हजार पौंडांपर्यंत किंवा वरही जाते. १ जानेवारी २०२५पासून फीवर २० टक्के व्हॅट लागलाय, म्हणून ऑफिसमधल्या कोणी चार वर्षांपूर्वीचा आकडा सांगितला तर तो धरू नका, आणि शाळेने आकडा दिला की तो व्हॅट धरून आहे का हे विचारा. २० हजार धरले तरी इयर सेव्हन ते थर्टीन, सात वर्षांचे १ लाख ४० हजार, आणि फी दरवर्षी वाढते ती वेगळी. हा टॅक्स कापून हातात आलेला पैसा आहे, सीटीसीतला नाही. त्यावर जेवण, शाळेची बस, युनिफॉर्म, ट्रिप, व्हायोलिनचे तास. दुसरं मूल असेल तर सगळं दुप्पट धरा, कारण एकाला तिथे आणि दुसऱ्याला इथे हे घरात फार वर्षं बोचतं. माझा हिशोब असा आहे की एका पगारावर घर चालून दुसऱ्यातून फी निघत असेल आणि सहा महिन्यांची फी बाजूला पडलेली असेल तरच हात घालावा. घराचं डिपॉझिट मोडून नाही, आणि आईबाबांच्या तिकडच्या एफडी मोडून तर नाहीच नाही.

आता नादारी. हा शब्द मुद्दाम वापरतेय. आपल्याकडे शाळेत नादारीचा फॉर्म भरताना मान खाली जायची, आणि ती मान इथे येऊनही वर होत नाही, म्हणून बर्सरीचा कॉलम लोक रिकामा सोडतात. स्कॉलरशिप आणि बर्सरी यात फरक आहे. स्कॉलरशिप हुशारीची, संगीताची, खेळाची, पण बऱ्याच ठिकाणी तिच्यात नाव मोठं आणि फीत सूट थोडी. बर्सरी मात्र घरच्या उत्पन्नावर असते आणि काही जुन्या शाळांत ती १०० टक्क्यांपर्यंत जाते. यात उपकार कोणी करत नाहीये, या शाळा सुरूच त्यासाठी झाल्या. मँचेस्टरची शाळा १५१५ सालची, बिशप ह्यू ओल्डहॅमने काढलेली, आणि ती चालायची धान्य दळायच्या गिरण्यांच्या उत्पन्नावर. लंडनची सेंट पॉल्स जॉन कॉलेटने १५०९ मध्ये काढली ती १५३ मुलांना फुकट शिकवायला. त्याच सेंट पॉल्समध्ये १८८४ साली अरविंद घोष गेले, तिथून स्कॉलरशिप मिळवून केंब्रिजला, आणि पुढे बडोद्याला सयाजीरावांकडे नोकरीला. म्हणजे आपल्याकडच्या मुलाने इथे स्कॉलरशिपवर शिकणं काही आजचं नाही.

फक्त फॉर्म खरा भरा. पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, कर्ज, आणि तिकडचा फ्लॅट असेल तर तोही, परदेशातली मालमत्ता विचारतात आणि लिहावी लागते. काही शाळांकडून घरी माणूस येऊन बघून जातो. दरवर्षी परत तपासणी होते, म्हणून पगार वाढला की बर्सरी कमी होणार हे धरून चाला.

सगळ्यात जास्त फटका बसतो तो करारात. ॲडमिशन घेताना सही करता त्यात लिहिलेलं असतं की शाळा सोडायची तर पूर्ण एक टर्म आधी लेखी कळवायचं, नाहीतर एका टर्मची फी भरायची. आमच्या ओळखीत एकाची नोकरी अचानक जर्मनीला हलली, जूनमध्ये शाळेला सांगितलं, सप्टेंबरच्या टर्मची पूर्ण फी भरावी लागली, मुलगी त्या टर्मला एक दिवसही तिथे नव्हती. जुलैमध्ये सोडायचं तर ईस्टरनंतरची टर्म सुरू व्हायच्या आधी कळवायचं असतं. व्हिसावर असलेल्या, प्रोजेक्ट बदलणाऱ्या आपल्या घरांना हे कलम दोनदा वाचायला हवं. आणि इयर टेन, इलेव्हनमध्ये हलायची शक्यता दिसत असेल तर आधीच बोला, ती दोन वर्षं जीसीएसईची, मध्ये शाळा बदलली की विषय जुळत नाहीत.

व्हिसावरून आठवलं, वर्क व्हिसावर डिपेंडंट म्हणून आलेल्या मुलांना सरकारी शाळा फुकट आहे, व्हिसावर "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स" म्हणजे सरकारी भत्ते मिळणार नाहीत असं लिहिलंय म्हणून घाबरून फीवाली शाळा शोधू नका. तसंच युनिव्हर्सिटीत इथल्या मुलांची कमी होम फी लागणार की परदेशी मुलांची जास्तीची ओव्हरसीज हे शाळेच्या नावावर ठरत नाही, कोर्स सुरू होताना सेटलमेंट म्हणजे कायम राहायची परवानगी हातात आहे का आणि त्याआधीची तीन वर्षं इथे राहिलात का यावर ठरतं. शाळेत सगळी बचत संपवली आणि १८व्या वर्षी ओव्हरसीज फी समोर आली तर काय कराल, हे आत्ताच कागदावर मांडा. काही युनिव्हर्सिट्या सरकारी शाळेतून आलेल्या मुलांना पार्श्वभूमी बघून थोडी कमी ग्रेडची ऑफर देतात, तोही हिशोब आहे.

तारखा. बर्मिंगहॅमच्या सरकारी ग्रामरचं रजिस्ट्रेशन इयर फाइव्हच्या उन्हाळ्यातच बंद होतं आणि परीक्षा सप्टेंबरमध्ये, म्हणजे ताई तुमच्याकडे फार वेळ नाही. इंडिपेंडंट शाळांची परीक्षा साधारण ऑक्टोबर ते जानेवारी, इंग्लिश, मॅथ्स, रीझनिंग, आणि बऱ्याच ठिकाणी इंटरव्ह्यू, त्यासाठी पाठांतर करून घेऊ नका, लगेच ओळखतात. आणि काहीही ठरवा, सरकारी सेकंडरीचा फॉर्म ३१ ऑक्टोबरच्या आत भराच, त्याचा निकाल १ मार्चला येतो, आणि बऱ्याच फीवाल्या शाळा होकारासाठी त्यानंतरचे काही दिवस देतात, म्हणजे दोन्ही पत्रं समोर ठेवून बसता येतं.

शाळा बघायला जाल तेव्हा इन्स्पेक्शनचा रिपोर्ट वाचून जा, या शाळांची तपासणी बहुतेक ठिकाणी ऑफस्टेड ही सरकारी संस्था नाही तर इंडिपेंडंट स्कूल्स इन्स्पेक्टोरेट करतं, रिपोर्ट सगळ्यांना बघता येतात. तिथे गेल्यावर पहिल्या नंबरच्या मुलाबद्दल विचारू नका, मधल्या मुलाबद्दल विचारा. मॅथ्समध्ये खालच्या सेटला, म्हणजे कच्च्या मुलांच्या गटात असलेल्याला कोण बघतं? गेल्या वर्षी सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे जीसीएसईनंतरच्या दोन वर्षांना, किती मुलांना जाऊ दिलं नाही? मुलगा आठवडाभर कोणाशी बोलला नाही तर कोणाच्या लक्षात येईल? फोन केल्यावर कोण उचलतं? आणि ओपन डे झाल्यावर एकदा साध्या दिवशी भेट मागा, चांगल्या शाळा देतात, जेवणाच्या सुट्टीत पॅसेजमधून चालत जा.

मुलाला बरोबर न्या आणि त्याच्या मागे चाला, पुढे नाही. तो कुठे थांबतो ते बघून ठेवा, आणि घरी आल्यावर लगेच "कशी वाटली" विचारू नका, रात्री झोपताना तो आपणहून काय सांगतो ते ऐका आणि मग मिस्टरांबरोबर तो आकड्यांचा कागद काढा. काय ठरलं ते मला नक्की कळवा.