गिअरबॉक्सच्या कंपनांच्या स्पेक्ट्रममध्ये (फ्रिक्वेन्सीनुसार कंपनाचा आलेख) जीएमएफचा पीक मोठा आहे, पण ओव्हरऑल मर्यादेत आहे. गिअर खराब समजायचा की बेअरिंग?

जीएमएफचा, म्हणजे सेकंदाला जितके दात एकमेकांना भिडतात त्या फ्रिक्वेन्सीचा, पीक मोठा दिसला म्हणजे गिअर खराब, असं नाही. चांगल्या गिअरचाही पीक भार वाढला की वाढतो. आणि ओव्हरऑल, म्हणजे एकूण कंपनाचा एकच आकडा, मर्यादेत आहे म्हणजे गिअर चांगला, हेही खरं नाही. हे दुसरं माझ्या मनाला जास्त लागतं, म्हणून लिहायला बसले. तुम्ही लिहिलंय की बाहेरच्या विश्लेषकाने आउटपुट शाफ्टचं बेअरिंग बदलायला सांगितलंय. जरा थांबा. माझ्यासमोर नेमकं हेच घडलं होतं.

एका टप्प्याचा स्पर (सरळ दातांचा) गिअरबॉक्स. मोटर १४८० आरपीएम, पिनियनला (लहान गिअरला) २३ दात, मोठ्या गिअरला ९७. म्हणजे जीएमएफ ५६७ हर्ट्झच्या आसपास आणि मोठ्या गिअरचे सेकंदाला ५.८५ फेरे. रीडिंग मी घ्यायची, निष्कर्ष बाहेरून येणारे कॅटेगरी थ्रीवाले (कंपन विश्लेषणाचं वरच्या पातळीचं प्रमाणपत्र असलेले) गृहस्थ काढायचे. त्यांच्या अहवालात ओव्हरऑल २.९ मिमी प्रति सेकंद, हिरवा शेरा, आणि खाली एक ओळ: वरच्या भागात स्पेक्ट्रमचा तळ उचललेला दिसतो, बेअरिंगच्या बिघाडाची सुरुवात असावी, बदलून घ्या.

त्यांनी ठरवून दिलेलं सेटिंग होतं २००० हर्ट्झपर्यंत ४०० लाइन्स. म्हणजे एक लाइन ५ हर्ट्झची, आणि हॅनिंग विंडो (नमुन्याची दोन्ही टोकं हळूहळू शून्यावर आणणारं गणिती सेटिंग) लावली की प्रत्यक्षात साडेसात. साइडबँड, म्हणजे जीएमएफच्या दोन्ही बाजूंना ५.८५ हर्ट्झच्या अंतराने येणाऱ्या रेघा, त्यात सुटे दिसणार कसे? सगळे मिळून एक फुगवटा होतो. तोच फुगवटा त्यांनी बेअरिंगच्या नावावर लावला.

मी मॅग्नेट काढून स्टडवर सेन्सर बसवला आणि ५००० हर्ट्झ, ६४०० लाइन्सवर पुन्हा घेतलं. फुगवटा मोकळा झाला. जीएमएफच्या दोन्ही अंगांना रेघा, एका बाजूला नऊपर्यंत मोजता आल्या, आणि प्रत्येक दोन रेघांमधलं अंतर ५.८५. २४०० हर्ट्झजवळ हाउसिंग (गिअरबॉक्सचं आवरण) जिथे वाजत होतं, तिथेही अंतर तेच. मग टाइम वेव्हफॉर्म (वेळेनुसार कंपनाचा आलेख) उघडला. सव्वा सेकंदाच्या पट्टीत शांत लाट, आणि तिच्यातून वर गेलेली सात टोकं. कागदावर छापून मोजपट्टी लावली. सातही टोकं १७१ मिलिसेकंदांवर, म्हणजे मोठ्या गिअरच्या बरोबर एका फेऱ्यावर. टोक ११ जीचं (जी म्हणजे गुरुत्वाचं त्वरण), मधला भाग एक-दीड जीचा. एकच दात दर फेऱ्याला आपटत होता.

मी कागद घेऊन बैठकीत गेले. 'ओव्हरऑल हिरवं आहे' एवढ्यावर विषय संपला. शटडाऊन मिळाला तो बेअरिंगसाठी. गिअर शाफ्टसकट बाहेर आला, बाकावर दोन तास पडून होता. दातांवर तेलाचा थर तसाच. मी डाय पेनिट्रंट (भेगेत शिरून ती दाखवणारा रंग) मारा म्हणून दोनदा सांगितलं. वेळ नाही म्हणाले. उतरवलेल्या बेअरिंगच्या रेसवर (कड्यांवर) साधा डाग नव्हता. नवीन बसवून मशीन सुरू केलं, रीडिंग घेतलं: तीच सात टोकं.

एकोणीस दिवसांनी दात निखळला, दोन्ही गिअरच्या दातांमध्ये अडकला आणि पिनियनही घेऊन गेला. तुटलेला तुकडा मी मागून घेतला. मुळापासून निघालेल्या, भेग हळूहळू वाढल्याच्या गुळगुळीत कमानी दोन तृतीयांश रुंदीपर्यंत गेल्या होत्या, खडबडीत ताजा भाग उरलेल्या तिसऱ्या हिश्श्यात. गिअर बाकावर होता त्या दिवशी ही भेग दातात होतीच. पेनिट्रंट मारला असता तर मुळाशी लाल रेघ उमटली असती.

नंतरही त्या गृहस्थांचं म्हणणं एकच: आकडा मर्यादेत होता, तेव्हा अहवाल बरोबर होता. नाही, बरोबर नव्हता. आयएसओ १०८१६ या कंपनाच्या मानकाच्या (आता त्याची जागा आयएसओ २०८१६ने घेतली आहे) पद्धतीतला तो आकडा साधारण १० ते १००० हर्ट्झमधल्या व्हेलॉसिटीची (कंपनाच्या वेगाची) आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) सरासरी असतो. दाताचा ठोका क्षणभराचा, त्यामुळे सरासरीत तो बुडतो. शिवाय त्याची बरीचशी ऊर्जा १००० हर्ट्झच्या वर होती. त्यात २४०० हर्ट्झला १ जी म्हणजे व्हेलॉसिटीत जेमतेम ०.६५ मिमी प्रति सेकंद. ज्या आकड्यात हा बिघाड दिसूच शकत नाही, त्याच्यावर गिअरला निर्दोष ठरवणं ही चूकच.

आता तुमचं. साइडबँडचं अंतर मोजा, ते ज्या शाफ्टच्या वेगाशी जुळेल तो गिअर संशयित. एक-दोन जोड्याच असतील तर गिअर बहुधा केंद्राबाहेर फिरतोय किंवा शाफ्ट वाकलाय. लांबवर पसरलेल्या ठेंगण्या जोड्या आणि वेव्हफॉर्ममध्ये फेऱ्याला एक टोक असेल तर भेगाळलेला किंवा तुटका दात. साइडबँड फारसे नाहीत, पण जीएमएफचे दुसरे-तिसरे हार्मोनिक (दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीचे पीक) चढताहेत, तर झीज, बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) किंवा अलाइनमेंट बघा. लाइन्स अशा निवडा की सगळ्यात हळू शाफ्टचे निदान सहा-सात फेरे एका नमुन्यात येतील.

एक गोष्ट मात्र त्या गृहस्थांच्या बाजूने सांगायला हवी. बेअरिंगची इनर रेस (आतली कडी) गेली तरी शाफ्टच्या वेगाचेच साइडबँड येतात. फरक मधल्या रेघेत असतो: जीएमएफ शाफ्टच्या वेगाच्या पूर्ण पटीत पडतो, बेअरिंगची फ्रिक्वेन्सी सहसा पूर्ण पटीत पडत नाही. म्हणून आरपीएम प्लेटवरचा धरू नका, त्या वेळचा मोजा. तुलना नेहमी सारख्या भारावरच्या रीडिंगशी करा. प्लॅनेटरी गिअरबॉक्स (मधल्या गिअरभोवती छोटे 'प्लॅनेट' गिअर फिरतात तो) असेल तर वरचं सरळ लावू नका, तिथे प्लॅनेट सेन्सरजवळून जातात म्हणून चांगल्या अवस्थेतही साइडबँड असतात. मोटर व्हीएफडीवर (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) असून वेग हलत असेल तर रेघा पसरतात, टॅको (फेरे मोजणारा सेन्सर) लावून ऑर्डर ट्रॅकिंग (हर्ट्झऐवजी शाफ्टच्या वेगाच्या पटीत विश्लेषण) करावं लागेल.

आणि बेअरिंगसाठी उघडणारच असाल तर गिअर बाहेर आल्यावर दात पुसून मुळाशी पेनिट्रंट मारून घ्या, सगळ्या दातांना. दोन्ही गिअरचे दात आणि मोजलेला आरपीएम इथे लिहा, सोबत वेव्हफॉर्मही टाका, मी बघते.